मनमाडचं मूल पुण्याच्या सहापट शिकतं

नाशिक,
दि. १२ सप्टेंबर

आदरणीय पुंजाराम मामांना,
भाची संजनाचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. कुणी आजारी नाही, बाबांच्या कंपनीत संप नाही आणि कुणाचं लग्न ठरलेलं नाही (माझं तर अजिबात नाही; आईने काही वेगळं सांगितलं असेल तर ती तिची इच्छा समजावी, बातमी समजू नये). तुमची कंबर कशी आहे? दिवसभर बाजार समितीच्या यार्डात काट्याजवळ उभं राहून वजनं करायची म्हणजे कंबर बोलणारच, पण तुम्ही तो पट्टा बांधता की खुंटीला टांगून ठेवता, हे मला मामीकडून खरंखरं कळणार आहे, तेव्हा उगीच 'बांधतो' म्हणू नका. मामीच्या साखरेचं काय? सार्थकचा पुढचा दात आला का? त्याने मागे मला सांगितलं होतं की दात आला की तो शाळेत इंग्रजी कविता म्हणणार आहे, तोवर बाईंनी त्याला सूट दिली आहे. तिसरीतल्या मुलाला एवढी वकिली कुठून येते, कळत नाही. असो. एक विनंती, हे पत्र सार्थककडून मोठ्याने वाचून घेऊ नका. जेवण झाल्यावर, निवांत, स्वतः आणि शेवटपर्यंत वाचा. सहजच लिहिते आहे.

मागच्या भेटीत तुम्ही विचारलं होतं, "तू नेमकं करते काय गं?" मी 'मार्केट रिसर्च' म्हटल्यावर "म्हंजे बाजारात हिंडते" असं म्हणून तुम्ही मामीकडे बघून हसला होता. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते. आमची कंपनी 'चिमणपाटी' नावाचं लहान मुलांच्या अभ्यासाचं ॲप काढते. मुलाने बरोबर उत्तर दिलं की पडद्यावरची चिमणी दाणा खाते, चुकलं की मान वाकडी करून बघते (ती नजर फार लागते मामा, मोठ्यांनाही). कंपनी गंगापूर रोडला आहे, म्हणजे योगेश सरांच्या वडिलांचं द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर आहे. योगेश सर म्हणजे आमचे मालक. आम्ही चार जण काम करतो. आमच्या सगळ्या कागदांना गंधकाचा वास येतो, आणि खालच्या दुकानात गर्दी असली की एखादा बागाईतदार जिना चढून वर येतो आणि मलाच विचारतो की द्राक्षांवरच्या भुरीवर काय मारायचं. आता मला ते थोडं सांगताही येतं.

आपल्या घरात पहिली पदवी माझी, म्हणून बाबांनी सगळ्या कॉलनीत सांगून ठेवलंय की पोरगी मोबाईलच्या कंपनीत साहेब आहे. परिणाम असा की रविवारी सकाळी आमच्या दारात चपलांची रांग लागते. कुणाच्या फोनचा आवाज जात नाही, कुणाला घंटी ऐकू येत नाही. माझा विषय अर्थशास्त्र होता असं मी प्रत्येकाला सांगते. ते म्हणतात, "असू दे, बघ तर खरं." मग मी फोन बंद करते आणि पुन्हा चालू करते. दहातले सात तेवढ्याने बरे होतात, त्यामुळे उच्च शिक्षणावरचा कॉलनीचा विश्वास वाढतच चाललाय. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक फोन चालू झाला की आलेल्या माणसाकडे बघतात, माझ्याकडे नाही.

तर जूनमध्ये योगेश सरांनी मला एक मोठं काम दिलं. मुलांच्या अभ्यासाच्या ॲपच्या बाजाराचा कल काय आहे, यावर अहवाल लिहायचा. पुण्याहून काही पाहुणे येणार होते. त्यांना अहवाल पटला तर ते आमच्या कंपनीत भांडवल घालणार आणि माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपून मी पक्की होणार. सर म्हणाले, "संजना, मला ट्रेंड पाहिजे. आकडे तर सगळेच देतात." मी रोज रात्री डायरीत 'ट्रेंड' असं लिहून खाली रेघ मारायचे. दोन महिने मी शाळांच्या फाटकांशी, क्लासच्या जिन्यांवर, बसथांब्यावर उभी राहून आयांना आणि बापांना प्रश्न विचारले. (एका शाळेच्या शिपायाने मला मुलं पळवणारी समजून बसवून ठेवलं होतं. मग त्याच्याच फोनची घंटी ऐकू येत नव्हती, ती मी दुरुस्त केली आणि सुटले.) जे कळलं ते असं, की ॲप जूनमध्ये पुस्तकांना कव्हर घालताना घेतात आणि गणपती बसेपर्यंत विसरतात. घटक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ते सगळ्यांना एकदम आठवतं. आयांना खेळ नसलेलं ॲप हवं असतं, मुलांना अभ्यास नसलेलं, आणि बापांना फक्त 'त्यात इंग्रजी आहे ना?' एवढं ऐकायचं असतं. एक गृहस्थ तर म्हणाले, "आम्ही तीन ॲप घेतलेत, आता मुलगा बसवायचा राहिलाय." हे सगळं खरं होतं, पण हे वाचून पुण्याच्या पाहुण्यांनी भांडवल का घालावं, ते मलाही कळेना.

आणि मग मला योगिनी सापडली.

कंपनीच्या संगणकात दिसतं की कोणत्या गावातलं कोणतं मूल किती वेळ शिकलं. योगिनी, वय सात, मुक्काम मनमाड. रोज नऊ तास! रविवारी अकरा! सकाळी सात वाजता ही मुलगी आंबे मोजायची, दहा वाजता पाढे म्हणायची, दुपारी एक ते तीन आठवीचं बीजगणित सोडवायची, चारला भूगोल आणि संध्याकाळी पुन्हा क कमळाचा गिरवायला बसायची. मी खुर्चीतून उठलेच. मामा, मी अर्थशास्त्र शिकलेली मुलगी, मला शंका यायला हवी होती. पण मला आली ती फक्त भरून येण्याची भावना. मी अहवालात लिहिलं, 'बीजगणितापर्यंत पोहोचूनही ही बालिका दररोज मुळाक्षरांकडे परत येते, यात तिची नम्रता दिसते.' हे वाक्य मी तीन वेळा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं (गंधकामुळेही असेल).

त्यावर मी आणखी एक पराक्रम केला. गावोगावची सरासरी काढली. पुण्याचं मूल रोज अर्धा तास शिकतं, नाशिकचं पस्तीस मिनिटं, आणि मनमाडचं तीन तास! अहवालाच्या पहिल्या पानावर योगेश सरांनी ठळक अक्षरात छापलं, 'मनमाडचं मूल पुण्याच्या सहापट शिकतं.' मनमाडमध्ये आमचं ॲप वापरणारी मुलं एकूण तीनच आहेत, त्यातल्या एकाने ते दिवाळीत एकदा उघडून पाहिलं आणि दुसऱ्याने उघडलंच नाही, ही गोष्ट मी तळटीपेत लिहिली होती. पण तळटीप लहान अक्षरात होती आणि पानाला जागा कमी पडली म्हणून ती काढली गेली. मी हरकत घेतली नाही. हे मी तुम्हाला सांगते आहे, बाकी कुणाला सांगितलेलं नाही. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

सरांनी ठरवलं की पाहुणे येतील तेव्हा योगिनीचा शाल देऊन सत्कार करायचा. आमंत्रण द्यायला मला मनमाडला पाठवलं. एका रविवारी मी नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली, सोबत सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक, कंपासपेटी आणि पेढे. वाटेत मी मनात भाषण तयार केलं. रेल्वेच्या कॉलनीत घर विचारत गेले तर एका ओट्यासमोर सात-आठ मुली लंगडी खेळत होत्या. दारात सावित्रीबाई बसल्या होत्या, म्हणजे योगिनीची आजी. त्यांचे यजमान रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारे, होते, आता निवृत्त झालेत. मी म्हटलं, योगिनीला भेटायचंय, तिचा अभ्यास मोडणार नसेल तर.

"ती काय, लंगडी खेळून राह्यली," सावित्रीबाई म्हणाल्या. "तिची ड्यूटी आठलाच सुटली."

मी आत पाहिलं. दोन मुलगे एका तडा गेलेल्या फोनवर वाकून सतराचा पाढा म्हणत होते. तेवढ्यात एक उंच मुलगी वही घेऊन आली. तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहून सांगितलं, "ताई, मी पण योगिनीच आहे. एक ते तीन." ती अंजली, आठवीतली. भिंतीवर रेल्वेच्या ड्यूटी चार्टसारखा चार्ट लावला होता, पट्टीने आखलेला. चौदा नावं, वेळा, साप्ताहिक सुट्टी. कुणी आजारी पडलं तर कोण बसेल याचा रकाना वेगळा होता, त्यावर 'रिलीव्हर' लिहिलं होतं. एकाची वेळ संपली की तो उठून "चार्ज दिला" म्हणतो, दुसरा "चार्ज घेतला" म्हणतो आणि मगच फोन हातात जातो. आजोबांनी घालून दिलेली शिस्त आहे. काही मुलांची शाळा सकाळची, काहींची दुपारची, म्हणून फोनला दिवसभर विश्रांती नाही. बायकांच्या बचत गटाने मिळून एक ॲप घेतलं होतं, ॲपने मुलाचं नाव एकच विचारलं, त्या वेळी योगिनी मांडीवर होती, म्हणून तिचं घातलं. एवढं साधं.

मी पेढे खाली ठेवले. मी हळूच सांगितलं की आमच्या नियमात एका नावावर एकच मूल चालतं, नाहीतर खातं बंद होतं.

"नियम हाय तर हाय," सावित्रीबाई म्हणाल्या. "आमच्या यांनी सारी नोकरी नियमावर काढली. पण नियम करणाऱ्यानं आधी येऊन बघावं ना, घरात फोन किती अन् पोरं किती. तुमच्या चिमणीला दाणा मिळतो का नाय? मग ती कुणाच्या हातचा हाय ते कशाला पुसती?"

मग त्यांनी मला चहा दिला, आणि तेव्हा मला कळलं की अंजलीच्या शाळेत जूनपासून गणिताला शिक्षकच नाहीत. ती रोज एक ते तीन योगिनी होते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तेच बीजगणित वर्गातल्या बाकीच्या मुलींना शिकवते. परत येताना गाडीत मी खिडकीशी बसले आणि मला जाताना तयार केलेलं भाषण एक शब्दही आठवेना. खरं सांगितलं तर नियमाप्रमाणे खातं बंद, म्हणजे चौदा मुलांचा अभ्यास बंद. नाही सांगितलं तर पहिल्या पानावरचं खोटं माझ्या नावाने पुण्याला जाणार आणि त्या खोट्यावर मी पक्की होणार. आपल्या घरात पहिली पदवी आली ती काय यासाठी, असं निफाडपर्यंत वाटत होतं. पण चौदा मुलांच्या हातून फोन काढून घेण्यासाठी तरी आली होती का, असं नाशिक रोडला उतरताना वाटलं. सोमवारी मी ऑफिसात गप्प राहिले. मंगळवारीही. (गप्प राहायला मी किती वाईट आहे ते तुम्हाला माहीत आहे. बुधवारी दोन बागाईतदारांना मी भुरीऐवजी करप्याचं औषध सांगितलं.) सावित्रीबाईंना मी एवढंच म्हटलं होतं की गुरुवारी फक्त योगिनीला घेऊन या. त्या "बरं" म्हणाल्या होत्या. रेल्वेतल्या माणसांचं 'बरं' म्हणजे 'ऐकलं', 'मान्य केलं' नव्हे, हे मला नंतर समजलं.

गुरुवारी पुण्याहून अश्विन साहेब आणि त्यांच्यासोबत एक मॅडम आल्या. टेबलावर चिवडा, पेढे आणि पाण्याच्या बाटल्या. अहवालाचं पहिलं पान सरांनी मोठं करून भिंतीवर लावलं होतं. अश्विन साहेब ते वाचून "इंटरेस्टिंग" म्हणाले. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि वाजतच राहिली. औषधांच्या पोत्यांमधून वाट काढत, शाळेच्या गणवेशात, तेल लावून भांग पाडलेली चौदा मुलं एका रांगेत वर आली. शेवटी सावित्रीबाई. मी त्यांच्याकडे धावले. त्या मला समजावत म्हणाल्या, "शाल एकट्या योगिनीनं कशी घ्यायची, ताई? हजेरी चौदा जणांची हाय."

अश्विन साहेबांनी कौतुकाने विचारलं, यातली योगिनी कोण? चौदा हात वर झाले.

साहेब हसले. त्यांना वाटलं मुलं लाजतायत किंवा मनमाडला या नावाची लाट आली असेल. त्यांनी सतरा साते विचारलं. एका मुलाने पुढे येऊन सांगितलं, एकशे एकोणीस. शाब्बास योगिनी, असं म्हणता म्हणता ते थांबले, कारण त्या योगिनीला मिसरूड फुटत होतं. मॅडमनी एक समीकरण सांगितलं. पाढेवाला मागे सरकला, "चार्ज दिला" म्हणाला, अंजली पुढे आली, "चार्ज घेतला" म्हणाली आणि तिने चिवड्याच्या रिकाम्या कागदावर उत्तर काढून दिलं. योगेश सरांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडे बघत होते. साहेबांनी सगळ्यात लहान मुलीला जवळ घेऊन विचारलं, आणि तुला काय येतं? ती म्हणाली, "मला आंबे मोजता येतात. पण माझी ड्यूटी सकाळी असते."

मामा, त्या क्षणी मी उठले. मला वाटलं होतं अशा वेळी माणसाचा आवाज खणखणीत निघतो. माझा चिमणीसारखा निघाला. पण मी सगळं सांगितलं. योगिनी एक नसून चौदा आहेत, हे सांगितलं. मनमाडमध्ये आमची मुलं तीनच आहेत आणि नऊ तासांना तीनने भागून मी ते सहापटीचं वाक्य मिळवलं, हे सांगितलं. तळटीप गेली तेव्हा मी गप्प बसले, हेही सांगितलं. नम्रतेचं वाक्य सांगायची गरज नव्हती, पण ओघात तेही सांगून टाकलं. मग मी भिंतीवरचं पान काढलं. ते चिकटपट्टीने लावलेलं असल्यामुळे निम्मंच निघालं आणि भिंतीवर 'मनमाडचं मूल' एवढं शिल्लक राहिलं. खालून कुणीतरी गंधकाचा भाव विचारत होतं ते स्पष्ट ऐकू आलं. अश्विन साहेबांनी घड्याळात पाहिलं, "कळवतो" म्हणाले आणि दोघं निघून गेले. मुलांनी तोवर चिवडा आणि पेढे संपवले होते. शाल उरली होती, ती सरांनी सावित्रीबाईंना दिली. त्यांनी ती उलगडून, कडा तपासून, घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "चार्टला लावू. थंडीत ज्याची सकाळची पाळी त्यानं पांघरायची."

सगळे गेल्यावर योगेश सर एका पोत्यावर बसले आणि म्हणाले, "संजना, या रिपोर्टमध्ये खरं काय आहे?"

मी म्हटलं, "मनमाड हे गाव खरं आहे, सर."

ते हसले नाहीत. पण ओरडलेही नाहीत. नियम नियम आहे, पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, आता ते खातं बंद करावंच लागेल, असं म्हणाले. तेव्हा मात्र माझा आवाज खणखणीत निघाला (चुकीच्या वेळी, पण निघाला). मी म्हटलं, सर, ट्रेंड पाहिजे होता ना, हाच ट्रेंड आहे. किती मुलांकडे फोन आहे, हे सगळे विचारतात. मीही दोन महिने शाळांच्या फाटकांशी उभी राहून तेच विचारलं. एका फोनवर किती मुलं शिकतात, हे कुणी विचारलंच नाही. आपलं ॲप एका मुलाच्या एका फोनसाठी केलंय आणि अशी घरं आपल्या जिल्ह्यात शोधावी लागतील. चौदा पोरांचा एक फोन मात्र शोधायची गरज नाही, तो जिना चढून स्वतः आला. सर म्हणाले, एका मनमाडवरून बाजार ठरत नाही. आत्ताच ते करून झालंय ना आपलं?

शनिवारी अश्विन साहेबांचा फोन आला. मुलं त्यांना आवडली होती, अहवाल नाही. एक ठिकाण म्हणजे गंमत, ते म्हणाले, दहा ठिकाणी असं खरंच चालत असेल तर ते पुन्हा येतील, आणि या वेळी तळटिपा मोठ्या अक्षरात छापा. म्हणून सरांनी ठरवलं की सप्टेंबरअखेर मी असे दहा गट, खऱ्या नावांनी आणि खऱ्या वयांनी, नोंदवून दाखवायचे. तोवर मनमाडचं खातं चालू राहील. दहा झाले तर नियम बदलायचा आणि एका खात्यावर गटाला परवानगी द्यायची. एक जरी कमी पडला तरी तीस तारखेला मनमाड बंद.

तेव्हापासून मी हिंडते आहे, आणि बाजारात हिंडणं म्हणजे काय ते आता कळतंय. प्रत्येक ठिकाणची तऱ्हा निराळी. आमच्या कॉलनीत आईने पुढाकार घेतला आणि वेळा ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच चिठ्ठी शेजारच्या घरी गेली, तर आईनेच पुन्हा टाका म्हणून भांडण काढलं. घोटीला भाताच्या गिरणीत काम करणाऱ्या बायकांची घरं लांब लांब आहेत, तिथे फोन दुधाच्या किटल्यांबरोबर फिरतो. गवळी दूध घालतो, फोन देतो, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या भांड्याबरोबर परत घेतो. एकदा फोनमध्ये थोडं दूध गेलं, तेव्हापासून चिमणीचा आवाज जरा जाड येतो, पण गणितं बरोबर चालतात. मी हे सगळं लिहून ठेवते आणि आता माझ्या वहीत कुणीही नम्र नाही. चौदा म्हणजे चौदा, नऊ म्हणजे नऊ. थकायला होतं, पण मामा, इतकं बरं मला परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

बाकी ठीक. कमरेचा पट्टा बांधा. मामीला आणि सार्थकला आठवण सांगा. उत्तर लिहिलं नाही तरी चालेल, मनात राग मात्र धरू नका.

तुमची भाची,
संजना

ता. क. नोकरी पक्की झाली असं बाबांनी तुम्हाला फोन करून सांगितलं असेल. ते खरं नाही. त्या गुरुवारी मी घरी आले तेव्हा त्यांनी "झालं का?" असं विचारलं, मी "सगळं सांगून टाकलं" म्हटलं, आणि त्यांनी पेढे आणले. उमेदवारी आणखी तीन महिने वाढली आहे. मीच त्यांना सांगणार आहे, या रविवारी, दुरुस्तीला कुणी आलेलं नसेल तेव्हा. तोवर तुम्ही अभिनंदन स्वीकारत राहा.

ता. क. दुसरा. वर 'काम चालू आहे' असं वाटेल अशा बेताने लिहिलंय, पण वहीत नऊ म्हणजे खरोखरच नऊ आहेत. दहावा गट मिळत नाहीये आणि अठरा दिवस उरलेत. लासलगावला तुमच्या गल्लीत अकरा मुलं आहेत आणि मामी तयार आहे. अडचण एकच आहे. गल्लीतल्या बाकीच्यांकडे फोन आहेत ते बटणांचे, नाहीतर ज्यांचे मोठे आहेत ते रात्री उशिरा घरी येतात. संध्याकाळी सहाला हमखास घरात असलेला, मोठ्या पडद्याचा, न फुटलेला फोन एकच आहे. तुम्ही तो दिवाळीत घेतलात आणि अजून त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढलेला नाही. हे मी फोनवरच विचारणार होते, पण फोनवर तुम्ही माझं वाक्य संपायच्या आत "नाय" म्हणता. पत्रात तसं करता येत नाही, म्हणून हे एवढं लांब झालं. फोन दिलात तर मनमाडची चौदा मुलं तीस तारखेनंतरही शिकतील. विचार करून सांगा. घाई नाही, उद्यापर्यंत कळवलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधीच शेजारच्यांच्या फोनवरून मामीचा निरोप आला. तुम्ही विचार करण्यात वेळ घालवू नये. काल तुम्ही यार्डात होता तेव्हा तुमच्या अंगणात बायकांनी तुमच्या फोनच्या तासांचा लिलाव केला. बोली पैशांत नव्हती, कोण किती दिवस बुद्धविहार झाडणार यावर होती. सहा ते सातचा तास सगुणाबाईंनी अकरा दिवसांवर सोडवला, सात ते आठला जास्त चढाओढ झाली. तुम्ही हजर नव्हता म्हणून तुमची बोली धरता आली नाही. साडेनऊ ते दहा हा अर्धा तास कुणीच उचलला नाही, तो मामीने तुमच्या नावावर ठेवलाय. त्यासाठी तुम्हाला किती दिवस झाडायचंय, ते ती तुम्हाला पत्र वाचून झाल्यावर सांगणार आहे.